डावरी शेवंड

बाबांच्या आडनावाला शेपूट लागणार, ही बातमी घरात आली तेव्हा माझी लेक टिचकी माझ्या खांद्यावर दूध ओकत होती. एका हातात ती, दुसऱ्या हातात फडकं, म्हणून फोन मी ओट्यावर उताणा ठेवला होता आणि त्यातून संग्रहालयातल्या बाईंचा आवाज साऱ्या स्वयंपाकघराला ऐकू येत होता.

बाई म्हणजे दगडांतल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या. त्या सांगत होत्या की दूरच्या एका संग्रहालयातून दोन दगडांचे फोटो आलेत आणि दोन्ही दगडांत एरिमा आहे. एरिमा हे नाव आमच्या घरात शेजारणीच्या नावासारखं घेतलं जातं, पण बाहेर सांगावं लागतं. शेवंडीसारखा प्राणी. लांब अंग, कवच, पुढे दोन नांग्या, मागे पंख्यासारखी शेपटी, आणि पाठीच्या मधोमध, कवचाच्या दोन बाजू जुळतात तिथे, चरख्याच्या चातीच्या आकाराची एक चिंचोळी पट्टी. माणूस नावाचा प्राणी यायच्या कितीतरी आधी उथळ समुद्राच्या तळाशी हिंडायचा. मग सगळेच संपले. तळाचा चिखल झाला चुनखडी, आणि आमच्या गावाबाहेरच्या खाणीत फरशा काढता काढता तो अधूनमधून सापडत राहिला.

खाणीत सापडलेल्या प्रत्येकाची उजवी नांगी मोठी होती. पक्कड उजवीकडे, चिमटा डावीकडे. या नव्या दोन दगडांत मात्र उलटं होतं. एक असता तर बाईंनी योगायोग म्हटलं असतं, पण दोन्ही डावरे. जात वेगळी दिसतेय, त्या म्हणाल्या, आणि नव्या जातीला नाव द्यायचं तर ते तुझ्या बाबांचंच द्यायचं, हे मी ठरवलंय. चित्र तू काढ.

अशा नावात माणसाच्या आडनावाला शेवटी एक लॅटिन ‘आय’ जोडतात. तेच ते शेपूट.

बाबा त्या संग्रहालयात चित्रकार होते. भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत. दगडातले जीव शाईने, ठिपक्या-ठिपक्यांनी कागदावर उतरवायचे आणि ते लेखांत छापले जायचे. लेख लिहिणाऱ्याचं नाव वर, ठळक. चित्र काढणाऱ्याचं खाली, असलंच तर, आणि इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला पुन्हा बाबांचंच भिंग लागावं. सारी नोकरी अशी गेली. मग हात थरथरायला लागला. ठिपका टेकवायला जावं आणि त्याची रेघ व्हावी, असं झाल्यावर त्यांनी टाक धुऊन, पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, निब नीट बघून घे, उजवीकडे झिजलीय.

नावाचं सांगितलं तेव्हा ते फक्त “बरं” म्हणाले आणि चहा पीत राहिले. दुसऱ्या दिवशी रस्त्यात न्हाव्याने मला थांबवून अभिनंदन केलं, तेव्हा मला कळलं त्यांना किती आनंद झालाय. त्यानंतर औषधाच्या दुकानातल्या माणसाने केलं. आईने सांगितलं की वर्तमानपत्राच्या कडेला ते आपलं आडनाव लिहून बघतात, शेपटासकट. अक्षरं वाकडी येतात म्हणून पुन्हा लिहितात.

“मी लग्न झाल्यापासून तेच आडनाव वापरतेय,” आई म्हणाली. “माझ्यासाठी न्हाव्याने दुकान सोडलं नाही कधी.”

टिचकीचं खरं नाव दुसरं आहे. पण दिसेल त्या वस्तूला ती आधी बोटाने टिचकी मारून बघते, वाटीला, भिंतीला, माझ्या दातांना, आणि आवाज आला तरच तिचा विश्वास बसतो. तिची झोप हे माझं ऑफिस. ते कधी उघडेल आणि कधी बंद होईल याचा भरवसा नाही. ती झोपली की मी टेबलाशी जायचे, फोटोवर भिंग धरायचे आणि ठिपके टाकायला लागायचे. अंधारात दाट, उजेडात विरळ, उजेड अगदी थेट पडतो तिथे कोरा कागद. एका नांगीला तिच्या किती झोपा लागल्या ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर हात थांबला असता.

बाबा दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सकाळी फिरून येताना ते माझ्याकडे डोकावायचे. बसायचे नाहीत. माझ्या मागे उभे राहायचे, हात पाठीशी एकमेकांत धरून, म्हणजे थरथर दिसत नाही. कधी म्हणायचे, इथे घाई केलीस. कधी म्हणायचे, ही कड तू बघितलेली नाहीस, तुला माहीत आहे म्हणून काढलीस. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

या कामात दोन नियम आहेत आणि ते मी चालायला शिकले त्याच सुमारास शिकले. डोकं वर. उजेड डावीकडून, वरून. प्राणी कसाही पडलेला असो, चित्रात त्याचं डोकं वरच्या बाजूला. आणि उजेड कुठूनही येत असो, कागदावर तो डाव्या कोपऱ्यातूनच यायचा. सगळ्यांनी एकच बाजू पाळली की बघणाऱ्याला विचार करावा लागत नाही, कुठला भाग वर आलेला आणि कुठला आत गेलेला ते त्याचं त्यालाच दिसतं. हे मला कळावं म्हणून बाबांनी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या होत्या, एक उताणी, एक पालथी, आणि मला वरून काढायला सांगितल्या होत्या. दोन्ही गोलच आल्या. “आता सावली घाल,” ते म्हणाले होते. सावली घातली आणि एक वाटी कागदातून वर आली, दुसरी आत गेली. मी कितीतरी दिवस ती चित्रं गोल फिरवत बसले होते, कारण कागद उलटा धरला की वाट्यांची अदलाबदल व्हायची.

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरीही.

नांग्या झाल्या, कवच झालं, पाठीवरची ती चात झाली. मग मी शेपटीशी आले. शेपटीच्या कड्यांवरून एक चीर तिरपी गेली होती, केसाएवढी, आणि टोकाशी तिला दोन फाटे फुटले होते. दगडाची चीर, प्राण्याची नव्हे. पण दिसते ते काढायचं. मी काढली. त्या सकाळी बाबा मागे बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“चांगलं आलंय,” म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखायला लागला. येणं बंद. आईला विचारलं तर म्हणाली, गुडघा न्हाव्याकडे जाताना दुखत नाही बहुतेक, तुझ्याकडे येतानाच दुखतो. मला वाटलं, आता चित्र माझं मला पुरं करू द्यावं असं त्यांच्या मनात असेल. बरंही वाटलं.

खरा घोळ माझ्या लक्षात आला त्या दुपारी टिचकीने झोपायची जागा बदलली. पाळण्यात नको, गादीवर नको, जमिनीवर बसलेल्या माझ्या मांडीवर, हातात माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून. मी भिंतीला टेकून बसले. उठायची सोय नव्हती. टेबल चार हातांवर, आणि ते चार हात म्हणजे समुद्रापलीकडचं काहीतरी. वाऱ्याने फोटो टेबलावरून खाली उडाला होता तो समोरच फरशीवर पडला होता, माझ्याकडे डोकं करून, म्हणजे माझ्यापुरता उलटा.

दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता शेवंड आत गेली.

आवाज नाही, काही नाही. आतापर्यंत दगडातून वर आलेली पाठ एकदम खोल झाली, घमेल्यासारखी. नांग्या दोन खड्डे झाल्या. चात म्हणजे एक चर. मी डोळे मिटून उघडले. खड्डाच. मान वाकडी करून, जमेल तेवढी उलटी करून पाहिलं, तर पाठ पुन्हा वर आली. मान सरळ केली, पुन्हा आत.

दगड फुटतो तेव्हा दोन तुकडे होतात. एका तुकड्यावर प्राणी राहतो, दुसऱ्यावर त्याचा ठसा. आणि ठशात सगळं आरशासारखं उलटं असतं. उजवी नांगी डावीकडे.

टिचकी झोपेत हसली. मी हलले नाही. मला नुसतं बसून राहावंसं वाटलं, ती उठेपर्यंत, आणि जमलं तर त्यानंतरही.

फोटो एकटा काही सिद्ध करत नाही. उजेड कुठून आला होता ते कळल्याशिवाय वाटी उताणी की पालथी हे सांगता येत नाही. मला मिळालेल्या फोटोच्या कडा कापलेल्या होत्या आणि मापाची पट्टी नंतर संगणकावर चिकटवलेली होती. टिचकीने ओढणी सोडल्यावर मी बाईंना निरोप पाठवला की कापायच्या आधीचा मूळ फोटो असेल तर हवाय. कशाला ते लिहिलं नाही. त्यांनी लगेच पाठवला. मूळ फोटोत शेवंडीचं डोकं खाली होतं. शेजारी खरी लाकडी पट्टी ठेवलेली, तिची जाडी दिसत होती आणि तिची सावली उजवीकडे, खालच्या अंगाला पडली होती. म्हणजे तिथल्या फोटो काढणाऱ्याने नियम पाळला होता. उजेड डावीकडून, वरून. मग इथे कुणीतरी दुसरा नियम पाळला, डोकं वर केलं, आणि फोटोबरोबर उजेडही फिरला, खोल होतं ते वर आलेलं दिसायला लागलं. दोन नियमांचं भांडण लागलं होतं आणि आम्ही सगळे एकाचीच बाजू घेऊन बसलो होतो.

नवी जात नव्हती. आपलीच उजवी शेवंड, तिचा ठसा. नाव देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाईंना कळवायचं होतंच. पण बाबांना ते फोनवरून, आडून, दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला नको होतं. मी फोटो पिशवीत टाकला, टिचकीला कडेवर घेतलं आणि निघाले. दोन गल्ल्यांत मी किती प्रकारांनी सुरुवात केली मनात. एकही धड नव्हती. वाटेत न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. त्याने लांबूनच हात वर केला आणि मीही केला.

बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. आईने माझ्याकडून टिचकीला घेतलं, माझा चेहरा पाहिला आणि तिला आत कपाटाच्या दारांना टिचक्या मारायला घेऊन गेली. मी फोटो बाबांच्या समोरच्या छोट्या टेबलावर ठेवला. डोकं वर.

“हे बघा जरा,” एवढंच मला म्हणता आलं.

बाबांनी फोटो उचलला नाही. त्यावर एक बोट टेकवलं आणि हळूच गोल फिरवला, डोकं खाली येईपर्यंत. मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

मी अजून काही बोललेच नव्हते.

“कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“शेपटीशी आलीस तेव्हा. ती चीर मी काढलीय, दोन फाट्यांसकट. दुसऱ्या बाजूने. संग्रहालयात आपल्याच खणात आहे तो दगड.” ते थांबले. “तेव्हा तू मांडीवर होतीस माझ्या.”

“मांडीवर माझ्या होती,” आतून आई म्हणाली. “तुमच्या मांडीवर फळी होती.”

बाबा हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, मग बोलला का नाहीत. कपाटाच्या दाराचे आवाज येत राहिले, टक, टक, आणि मध्ये टिचकीचं समाधानाचं हुंकारणं.

“ते नाव घालून बघत होतो,” बाबा म्हणाले. “चार दिवस.”

“आणि?”

“खांद्यात जरा सैल होतं.”

मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग राग. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. शेपटीनंतरही मी थांबले नव्हते. पाय काढले होते, मिशा काढल्या होत्या, पहिल्यापासून सगळं उठवून आणलं होतं, ठिपका ठिपका, आणि ते सगळं आता खोल करायचं होतं, म्हणजे पुन्हा कोरा कागद. बाईंना काय, त्या लेख बदलतील. नावाचं काय, ते नव्हतंच.

“टिचकीच्या झोपा होत्या त्या, बाबा,” मी म्हणाले. “माझ्याकडे तेवढंच असतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने धरला.

“ते नाही आलं लक्षात,” ते म्हणाले.

माझ्या चुका त्यांनी आयुष्यभर दाखवल्या, पण आपल्या लक्षात काही आलं नाही असं म्हणताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. बाईंकडे सांगायला ते दोनदा निघाले होते, हे त्यांनी मग हळूहळू सांगितलं. दोन्हीदा कोपऱ्यावर कुणीतरी अभिनंदन केलं आणि ते परत फिरले. छापायला जायच्या आधी सांगणारच होतो, म्हणाले. मी खरं मानलं. पूर्ण मानलं का, माहीत नाही.

“नंबर लाव,” ते म्हणाले. “मी बोलतो.”

मी सांगते, असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. तो कानाशी हलत होता आणि त्यांनी तो तसाच हलू दिला. त्यांनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. बाई, तो नवा प्राणी नाही, म्हणाले, तो आपल्याच खणातल्या एकाचा उरलेला अर्धा आहे. मग चीर, फाटे, पट्टीची सावली. थोड्या वेळाने करते, म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्या थोड्या वेळात आईने चहा केला. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कडेची अक्षरं आत जातील अशी.

बाईंचा फोन आला तो हसतच. त्यांनी तिकडच्या माणसाला खणातला दगड काढून त्याच्या पाठीवर बोट ठेवायला सांगितलं होतं. बोट आत गेलं, त्या म्हणाल्या, चांगलं पेरभर आत गेलं, आणि दुसऱ्याचंही. डोकं वर मीच केलं होतं हो, म्हणाल्या, आल्या आल्या केलं, हात सवयीने गेला. त्या फोटोकडे महिनाभर बघून मला एकदाही शंका आली नाही. आता त्यांचा उत्साह दुसरीकडे धावत होता. एकच दगड, दोन अर्धे, दोन गावांत, एकमेकांचा पत्ता नसलेले. याच्यावरच लिहायचं, त्या म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला.

“नावाचं मात्र...”

“नाव आहे मला एक,” बाबा म्हणाले. “पुरतंय.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबा माझ्या दारात उभे होते. गुडघा बरा होता. तू बस टेबलाशी, म्हणाले, हिची झोप झाली तरी उठू नकोस. तेव्हापासून ते रोज येतात. टिचकी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाच्या बटणांना टिचक्या मारते, एकेक करून, आणि आवाज येत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्यांचा हात तिच्या पाठीवर असतो. तिथे तो थरथरला तरी तिला ते थोपटणंच वाटतं.

मी नवा कागद घेतला. ठिपके आता दुसऱ्या अंगाला. आधी जिथे कोरं सोडलं होतं तिथे दाट, दाट होतं तिथे विरळ. खड्डा काढणं अवघड असतं. हात सारखा वर यायला बघतो. बाबा मागे उभे राहत नाहीत, मांडीवर ओझं असतं, त्यामुळे लांबूनच विचारतात कुठपर्यंत आलं, आणि मी सांगते.

शेपटीची चीर झाली त्या दिवशी त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलेला एक कागद काढला. बाईंकडून मागून आणला होता. त्यांची जुनी शेवंड, उजवी, शाई जराशी तांबूस पडलेली. एवढ्या वर्षांत मी ती लेखातच पाहिली होती, तळहाताएवढी. मूळ चित्र माझ्याच मापाचं होतं.

“खिडकीशी चल,” ते म्हणाले.

टिचकीला मी कडेवर घेतलं. बाबांनी माझा कागद काचेवर धरला आणि आपला त्याच्यावर पालथा घातला, दोघींची तोंडं समोरासमोर. बाहेरचं ऊन दोन्हींतून आलं. त्यांच्या हातात कागद हलत होते आणि दोन्ही शेवंडी एकमेकींवरून सरकत होत्या, नांगीशेजारी नांगी, चातीशेजारी चात, जवळ येऊन पुन्हा लांब. मी मोकळ्या हाताने एक कोपरा धरला. दुसरा त्यांनी घट्ट केला. कागद थांबले, आणि चीर एक झाली, दोन्ही फाट्यांपर्यंत.

“इथे घाई केलीस,” फाट्याच्या टोकाकडे बघत बाबा म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. माझं टोक त्यांच्यापेक्षा किंचित आधी संपलं होतं. टिचकीने हात लांब केला आणि बरोबर त्याच जागी, कागदांवरूनच, काचेवर टिचकी मारली. आवाज आला.